झिजलेली कँडल

थोरल्या साडूंची लाँड्री होती आणि धाकट्या साडूंना मुतखडा होता. या दोन गोष्टी एकत्र आल्या नसत्या तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं त्यांच्या बायका, त्या दोघी बहिणी, अजून म्हणतात.

साडू हे तसं गमतीचंच नातं. रक्ताचं म्हणावं तर नाही, आणि मैत्री म्हणावी तर माणूस आपण निवडलेला नाही. दोन बहिणी आपापल्या परीने दोन पुरुष पसंत करतात आणि त्यांना एका सोफ्यावर आणून बसवतात, की झाले साडू. या दोघांचं मात्र बरं जमायचं. धाकटे विमा विकायचे, त्यामुळे तोंडाला कुलूप नव्हतं. थोरले अबोल. दिवसभर लोकांच्या कॉलरी आणि बगला घासून त्यांना माणसांविषयी जे कळलं होतं ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. हातात रबरी मोजे घातल्याशिवाय ते गिऱ्हाइकाचा शर्ट उचलत नसत. हॉटेलात चमचा तीनदा पुसत. आणि लग्नाला इतकी वर्षं झाली तरी बायकोच्या कपातला चहाचा घोट त्यांनी कधी घेतला नव्हता. बायकोनेही मग नाद सोडला.

धाकट्यांचं एक मूत्रपिंड आधीच निकामी झालं होतं. दुसऱ्यातला खडा पडून गेला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "भरपूर चाला आणि भरपूर पाणी प्या. पाणी कमी पडलं तर पुन्हा माझ्याकडेच याल, आणि या खेपेला माझ्या हातात फारसं काही नसेल." धाकट्यांनी यातलं 'चाला' तेवढं ऐकलं. पाठीवर तंबू बांधून जंगलातून, डोंगराच्या अंगाने भटकायचा बेत आखून ते मोकळे झाले.

धाकट्यांची बायको, म्हणजे थोरल्यांची मेहुणी, रडकुंडीला आली. तिने थोरल्यांना गाठलं. "भावोजी, हे हट्टाला पेटलेत. जाऊ देत, पण एकटे नको. तुम्ही बरोबर जा. वाटेत झऱ्याबिऱ्याला तोंड लावू देऊ नका, आणि तहानलेलेही ठेवू नका. माणूस तुमच्या हवाली करतेय मी."

"काळजी करू नकोस," थोरले म्हणाले. "स्वच्छ पाणी ही माझी जबाबदारी."

आणि म्हणूनच ते यंत्र आणायला ते स्वतः गेले.

जुनं प्रवासी सामान विकणारं दुकान होतं ते. तंबू, दोरखंड, कुणाच्या तरी पायाच्या आकाराचे झालेले बूट. दुकानदाराने फडताळातून एक पिशवी काढली. आत सायकलच्या पंपाएवढं, हातात मावेल असं यंत्र होतं. एका बाजूने एक नळी, तिच्या टोकाला जाळी आणि तरंगणारं बूच. ती घाण पाण्यात सोडायची. दुसरी नळी बाटलीत. मधला दांडा वरखाली करायचा, की पोटातल्या पांढऱ्या, चिनीमातीच्या कँडलमधून गाळून पाणी बाहेर येतं.

"एकानेच वापरलाय," दुकानदार म्हणाला. "परत आणून दिला."

"का? बिघडला होता?"

"छे. नको म्हणाला. एवढंच." मग त्याने पिशवीतून प्लॅस्टिकची एक कडी काढून दाखवली. "कँडल तुंबली तर वरून हलक्या हाताने घासायची, किंवा नळीतून पाणी उलट्या बाजूने ओढायचं, म्हणजे अडकलेलं निघून जातं. पण घासणं बेताचं हं. दर वेळी थोडी थोडी झिजते. ज्या दिवशी कँडल या कडीतून आरपार जाईल, त्या दिवशी टाकून द्यायची. मग ती काही अडवत नाही."

थोरल्यांनी मान डोलावली. पण त्यांचं लक्ष नळीच्या टोकाकडे होतं. तिथे आतल्या बाजूला काहीतरी पिवळट चिकटलेलं होतं.

लाँड्रीच्या मागच्या खोलीत त्यांनी यंत्र उघडलं आणि मान मागे घेतली. फुलदाणीतलं पाणी महिनाभर तसंच राहिलं की जो वास येतो तो वास. त्याच्याखाली आणखी एक वास होता, झोपेतून उठलेल्या माणसाच्या तोंडाचा. कँडलवर शेवाळी रंगाचा बुळबुळीत थर होता आणि चुकून बोट लागलं तर बोटाची ऊब यावी तसा तो लगेच कोमट लागला. त्यांनी मोजे चढवले, कॉलरीचा राठ ब्रश घेतला आणि कामाला लागले.

थर निघाला. त्याखाली करडा डाग होता. तो घासला, तर त्याखाली पिवळा. पिवळा गेला आणि खाली पुन्हा करडा दिसला, जणू आतूनच वर येत होता. आता डागापुढे हार मानेल तर तो लाँड्रीवाला कसला? थोरल्यांनी कढत पाणी घेतलं, सोडा घेतला, दात-ओठ खाऊन घासलं. टेबलावर पांढरी पेस्ट साचत गेली.

"अहो," दारातून बायको म्हणाली, "पाणी गाळायचं यंत्र आहे ते. नवरदेवाचा शर्ट नाही."

"कुणाच्या तोंडचं असेल कुणास ठाऊक."

"अति तिथे माती. बस करा आता."

ते थांबले तेव्हा कँडल दुधासारखी पांढरीशुभ्र झाली होती. बरीच बारीकही झाली होती. पण त्यांना दिसला तो पांढरेपणा. ती कडी त्यांनी पिशवीत तशीच टाकली आणि समाधानाने हात धुतले, कोपरापर्यंत.

पहिला दिवस छान गेला. घरून आणलेलं पाणी होतं, वाट सावलीची होती, आणि धाकटे बडबड करत पुढे चालत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी जिथे ओढा लागायला हवा होता तिथे नुसते गोटे निघाले. ओढ्याचं पात्र तडकून वाळलं होतं. खालच्या वळणावर बघू म्हणून ते उतरत गेले, तिथेही तेच. धाकट्यांची बडबड बंद झाली. मग त्यांनी कमरेवर हात दाबून धरला.

"दुखतंय?"

"थोडंसं. पाणी आहे का दादा?"

थोरल्यांच्या बाटलीत तळाला घोटभर होतं. स्वतःच्या बाटलीतलं द्यायचं त्यांच्या जिवावर आलं, पण दिलं. धाकटे तोंड लावून प्यायले, म्हणून थोरल्यांनी ती बाटली परत घेतली नाही. "राहू दे तुमच्याकडेच," म्हणाले.

डोह सापडला तो वासावरून. कातळाच्या पोटात गोल, अंगणाएवढा, वर झाडांची दाट सावली. पाणी हिरवं म्हणावं तर हिरवं नव्हतं, जुन्या जखमेवरच्या पट्टीसारखं त्याला दहा रंग होते. वर साय धरली होती. जाड, सुरकुतलेली, आणि वारा नसताना ती मधूनमधून हलकीच फुगायची आणि बसायची. थोरल्यांच्या लक्षात आलं की इतक्या कुजक्या पाण्यावर एकही डास नाही. माशी नाही. काठावर कुठल्या जनावराचं पाऊल उमटलेलं नाही. ज्या पाण्याला किडासुद्धा तोंड लावत नाही ते आपण...

"इथेच," धाकटे खाली बसत म्हणाले. त्यांच्या कपाळावर घामही येत नव्हता आता. "दादा, नाटकं करू नका. यंत्र काढा. त्यासाठीच आणलंय ना?"

थोरल्यांनी यंत्र काढलं. सहज बघावं म्हणून उघडलं, आणि का कोण जाणे, कँडलवर ती कडी धरली. कडी वरून खालपर्यंत घरंगळत गेली. कुठे अडकलीसुद्धा नाही. बारक्या पोरीच्या हातातून मोठ्या बाईची बांगडी गळावी तशी.

मग ती काही अडवत नाही, असं दुकानदार म्हणाला होता. म्हणजे हे यंत्र आता यंत्र नव्हतं, नुसती नळी होती. सांगावं का? सांगितलं तर हे पिणार नाहीत आणि संध्याकाळपर्यंत मूत्रपिंड जाईल. नाही सांगितलं तर ही घाण पोटात जाईल. फार तर जुलाब होतील, त्यांनी मनाशी म्हटलं. जुलाबाने माणूस मरत नाही. आणि खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट होती. 'स्वच्छ पाणी ही माझी जबाबदारी' असं ते म्हणून बसले होते आणि स्वच्छतेपायीच त्यांनी ती कँडल संपवली होती. हे तोंडाने कबूल करणं त्यांना जड गेलं. त्यांनी कडी खिशात घातली, यंत्र बंद केलं आणि नळी पाण्यात सोडली.

साय फाटली नाही. तिने नळीभोवती तोंड मिटल्यासारखं केलं.

पहिले काही हात दांडा जड गेला. मग एकदम हलका झाला, इतका की थोरल्यांना तो दाबावाच लागेना, फक्त हात ठेवायचा. बाटलीत पाणी पडू लागलं. स्वच्छ! अगदी नितळ. थोरल्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी बाटली हातात घेतली आणि ती जवळजवळ टाकलीच. पाणी कोमट होतं. उन्हाने तापलेलं नव्हे, तिथे ऊन पोचतच नव्हतं. थुंकी कोमट असते तसं.

धाकट्यांनी ती बाटली एका दमात रिकामी केली. मग डोळे मिटून ओठ चाटले.

"अहो दादा... गोड आहे."

"गोड?"

"घ्या ना घोट. तुम्हीही सकाळपासून तहानलेलेच आहात."

"मला नको," थोरले म्हणाले. घशाला कोरड पडली होती, जीभ टाळ्याला चिकटत होती, तरी त्यांनी मान फिरवली. बाटलीच्या तोंडावर एक बारीक चिकट तार लोंबत होती. ती धाकट्यांच्या ओठापर्यंत ताणली गेली आणि तुटली नाही.

कमरेचं दुखणं थांबलं. धाकटे हसू लागले, विम्याच्या गिऱ्हाइकांचे किस्से सांगू लागले, आणि दर किश्शानंतर पाणी मागू लागले. थोरले भरून देत होते. अंधार पडला तसा तंबू डोहाकाठीच ठोकावा लागला, कारण धाकटे तिथून हलायला तयार नव्हते. थोरल्यांनी पाठ फिरवून, नाकावर टॉवेल घेऊन पडून घेतलं. झोप लागता लागता त्यांना बाहेर दांड्याचा आवाज येत होता. फुस्... चप्. फुस्... चप्. किती पितोय हा माणूस, असं त्यांच्या मनात आलं.

सकाळी ते बाहेर आले आणि तंबूच्या दाराशीच थबकले.

डोह स्वच्छ झाला होता. साय नव्हती, शेवाळ नव्हतं, वास नव्हता. पाणी काचेसारखं, थेट तळ दिसत होता. तळाला वाळू नव्हती की गोटे नव्हते. फिकट गुलाबी, ओला, एकापुढे एक वळ्या असलेला तळ होता तो. आपण तोंड उघडून आरशात टाळू बघतो ना, तसा. थोरल्यांनी पाहिलं न पाहिलं आणि नजर काढून घेतली.

काठावर धाकटे झोपले होते. दोन्ही हात छातीवर. बाटली बाजूला पडली होती आणि नळीचं टोक त्यांच्या तोंडात होतं. यंत्र कातळावर उभं होतं. त्याचा दांडा आपसूक वर जात होता आणि खाली येत होता. फुस्... चप्.

थोरल्यांनी लाथ मारून यंत्र पाडलं. दांडा थांबला. धाकट्यांनी डोळे उघडले. डोळ्यांतलं पांढरं राहिलंच नव्हतं, तिथे गढूळ हिरवं काहीतरी हलत होतं. चेहरा फुगून चकचकीत झाला होता आणि कातडीच्या एकेका छिद्रातून घाम नव्हे, दाट, बुळबुळीत थेंब वर येत होते. पोट टम्म होतं. त्यांनी तोंड उघडलं. दातांच्या फटींत शेवाळाचे धागे अडकले होते. कालचा सगळा वास, डोहावर जो पसरलेला होता तो सगळाच्या सगळा, त्या एका तोंडातून आला. थोरले बाजूला वळून ओकले. पोटात काही नव्हतं, तरी ओकत राहिले.

"दादा... जड झालंय हो..."

थोरल्यांना सगळं कळलं. कळायला त्यांना वेळ लागला नाही, कारण ही त्यांच्या धंद्यातली पहिली गोष्ट होती. मळ मरत नाही. कपड्यातून निघतो तो पाण्यात जातो, पाण्यातून निघतो तो आणखी कशात तरी जातो. कुणीतरी तो धरून ठेवावाच लागतो. जी कँडल धरून ठेवणार होती ती त्यांनी घासून संपवली होती. मग रात्रभर डोहाने गाळायला दुसरी कँडल वापरली.

त्यांनी धाकट्यांच्या बगलेत हात घातले आणि ओढायचा प्रयत्न केला. पाण्यात भिजलेली गादी ओढावी तसं झालं, वीतभरही हलले नाहीत. हात मात्र मनगटापर्यंत बुळबुळीत झाले. थोरले ते मातीत घासत राहिले.

"उलटं ओढा..." धाकटे म्हणाले. बोलताना गळ्यात बुडबुडे फुटत होते. "दुकानदार म्हणाला होता ना... तुम्हीच सांगितलंत... तुंबलं की उलट्या बाजूने..."

थोरल्यांनी यंत्र उचललं. दांडा आता मुळीच हलेना, दगडासारखा घट्ट. म्हणजे ओढायचं तर एकच उपाय होता. धाकट्यांनी एक नळी आपल्या ओठांत धरली आणि दुसऱ्या नळीचं टोक थोरल्यांच्या पुढे केलं. तोंडाने ओढायचं. पेट्रोल ओढतात तसं.

"एकदाच... सुरू करून द्या... मग आपोआप वाहील. पाया पडतो दादा."

थोरल्यांनी टोक हातात घेतलं. त्यांच्या डोळ्यांपुढे मेहुणी उभी राहिली. माणूस तुमच्या हवाली करतेय. त्यांनी डोळे घट्ट मिटले, टोक ओठांपाशी आणलं. नळीतून कोमट श्वास येत होता. त्यांच्या वरच्या ओठाला तो लागला. आत काहीतरी सरकत पुढे आलं आणि टोकापाशी थांबलं, वाट बघत.

नाही जमलं.

ज्याने बायकोच्या कपातला घोट घेतला नाही, त्याला हे कसं जमणार? आपण घरात बसून काहीही म्हणू. थोरल्यांनी नळी टाकली आणि उठले. "मी मदत आणतो," ते म्हणाले. "तुम्ही पडून राहा. वरच्या अंगाला लाकडाचे ट्रक जातात. आत्ता जातो न् आत्ता येतो." हे शहाणपणाचंच होतं, खोटं नव्हतं. पण म्हणताना त्यांचा आवाज इतका हलका, इतका सुटल्यासारखा निघाला की धाकट्यांनी ते ऐकलं आणि डोळे मिटून घेतले.

थोरले पळाले. पळताना सारखे ओठ पुसत होते. बाही पुरेना म्हणून झाडाची पानं तोडून त्यांनी ओठ घासले. रक्त आलं तरी घासले.

ट्रक मिळायला दुपार कलली. ट्रकवाला भला माणूस होता. अर्धवट ऐकूनच म्हणाला, "चला, बसा. आजारी माणसाला असं सोडून यायचं नसतं, पण आता काय." कच्च्या वाटेने त्याने गाडी जाईल तिथपर्यंत खाली घातली आणि उरलेला उतार दोघे पायी उतरले. आपण प्रेत उचलायला निघालोय, आणि तेही आपल्याच्याने उचलवणार नाही, हे थोरल्यांना पक्कं ठाऊक होतं.

धाकटे कातळावर बसून बुटाच्या नाड्या बांधत होते.

चेहरा उतरलेला, पण स्वच्छ. डोळ्यांतलं पांढरं परत आलेलं. पोट सपाट. इस्त्री करून घडी घातलेल्या कपड्यासारखा दिसत होता माणूस. आणि डोह पुन्हा पूर्वीसारखा झाला होता. हिरवट, दाट, वर जाड साय, आणि तो वास.

"अरेच्चा, हे तर ठणठणीत आहेत," ट्रकवाला नाक दाबून म्हणाला. "चला बाबांनो, इथे उभं राहवत नाही."

धाकटे उठून उभे राहिले. त्यांनी थोरल्यांकडे पाहिलं. मग डोहाकडे पाहिलं. पुन्हा थोरल्यांकडे. यंत्र तिथेच पडलं होतं, एक नळी पाण्यात गेलेली. ते कुणी उचललं नाही.

ट्रकच्या केबिनमध्ये धाकटे मध्ये बसले, थोरले खिडकीशी. गाडी हळूहळू, हिसके देत निघाली. थोरल्यांना रडू येत होतं. सुटल्याचं, आणि शरमेचं. ते एवढंच म्हणाले, "बरं वाटतंय ना राव?"

धाकट्यांनी आवाज अगदी खाली आणला. ट्रकवाल्याला ऐकू जाऊ नये इतका.

"मला वाटलं तुम्ही पळालात. मनात शिव्या दिल्या तुम्हाला. खोटं कशाला बोलू? पण तुम्ही लगेच परत आलात."

थोरल्यांनी पुन्हा ओठ पुसले.

"वरून नाही आलात. पाण्याच्या बाजूने आलात. मी म्हटलं, वळसा घालून आले असतील. काही बोलला नाहीत. नळी उचललीत आणि तोंडात धरलीत. आणि ओढलंत, दादा... एकदाही थांबला नाहीत. मी हलका होत होतो आणि तुम्ही फुगत होता. सगळं घेतलंत. सख्खा भाऊ असं करणार नाही. मी रडत होतो..."

"मग?" थोरल्यांनी विचारलं.

"मग तुम्ही डोहात उतरलात. तेवढं मला कळलं नाही. हनुवटीपर्यंत उतरलात आणि माझ्याकडे बघत बसलात. मी हाका मारल्या. तुमच्या तोंडातून सगळं पाण्यात सुटत होतं, पण तुम्ही हसत होता. म्हणालात, 'साडू, मला घेऊन जा आणि यांना इथे ठेवा.' मी म्हटलं, कुणाला ठेवू? तर साय तुमच्या डोक्यावर मिटली." धाकट्यांनी ट्रकवाल्याकडे एक नजर टाकली. "आणि तेवढ्यात तुम्ही वरून आलात... या ड्रायव्हरबरोबर."

थोरल्यांना वाटलं, आत्ता खरं सांगून टाकावं. मी आलोच नव्हतो परत. मला किळस आली, मी पळालो. खरा मी हाच आहे, जो पळाला तो. पण हे वाक्य जिभेवर आलं तसं त्यांना कळलं की ते बोलणं अशक्य आहे. घरी मेहुणी होती. बायको होती. जे धाकट्यांनी पाहिलं त्यापेक्षा हे फार वाईट होतं.

"हो," ते म्हणाले. "मीच. मागून वर आलो मी. दुसऱ्या काठाने."

धाकट्यांनी त्यांच्या शर्टाकडे पाहिलं. कोरडा होता. त्यांनी हळूच आपला गुडघा बाजूला घेतला. मग खांदा घेतला. ट्रकवाल्याला जवळजवळ चिकटले आणि त्याच्या दंडाला हात लावून, गिऱ्हाइकाशी बोलताना वापरायचे त्या नम्र आवाजात म्हणाले,

"साहेब... हे तुम्हाला कुठे भेटले?"

"कोण? हे? वरच्या वळणावर. का हो?"

"काही नाही. आमचे साडू खाली राहिलेत. त्यांना घ्यायचंय."

ट्रकवाल्याने थोरल्यांकडे पाहिलं. थोरल्यांनी बोलायला तोंड उघडलं. आणि तेवढ्यात खालून, झाडांच्या मागून, स्पष्ट हाक आली. थोरल्यांचा आवाज. लाँड्रीच्या दारातून ते गेलेल्या गिऱ्हाइकाला हाक मारायचे तो, जरासा घोगरा, घाईतला.

"अहो, थांबा... मी राहिलो..."

धाकट्यांचा चेहरा उजळला. ट्रकवाल्यानेही हाक ऐकली होती. त्याने पुन्हा एकदा खिडकीशी बसलेल्या माणसाला नीट न्याहाळलं, नाक आक्रसलं, आणि गाडी मागे घ्यायला सुरुवात केली.